दोन तासांचं पाणी

बोट सुटायला अजून पाऊण तास आहे
आणि वेल्लो माझ्या कोटाची बटणं लावतोय,
जी मी आधीच लावलेली आहेत.

एकावन्न वर्षांचा माणूस.
कोप्लीच्या ट्राम-थांब्याजवळ किल्ल्या करून देतो.
दाराबाहेर अडकलेली माणसं रात्री-अपरात्री त्याला फोन करतात,
रडकुंडीला आलेली, बर्फात, पायांत घरातल्या सपाता,
आणि तो म्हणतो, घाबरू नका, आलोच.
तेव्हा त्याचा आवाज कसा असतो म्हणून सांगू,
निवलेल्या दुधासारखा.

आठवड्यातल्या चार रात्री मी हेलसिंकीला असते,
तिथल्या म्हाताऱ्यांच्या कुशी बदलायला.
चार वर्षं झाली.
तरी रविवारी दुपारपासून याचं पोट बिघडतं.
मी नसले तरी बटाटे दोघांचे उकडतो.
फोनवर माझ्या बोटीचा हिरवा ठिपका बघत बसतो,
ठिपका जरा अडला की जीव टांगणीला.
एकदा तो चाळीस मिनिटं हललाच नाही.
बिघाड यंत्रात होता, बोटीत नव्हे.
मी कॉफी पीत होते.
उतरले तर सव्वीस कॉल
आणि एकच निरोप: विर्वे.
पुढे काहीच नाही.

मी चिडले. का नाही चिडणार?
संशय घेतोस माझा?
नाही म्हणाला.
मग काय होतं तुला?
बराच वेळ कानशीलीवरचा पितळेचा भुगा झटकत राहिला.
तू दाराआड झालीस ना, की
तू आहेस, याला काही पुरावाच उरत नाही.

डॉक्टर तांबेर्गबाईंनी त्याला नाव दिलं, वियोगाची चिंता.
मोठ्यांनाही होते म्हणाल्या.
लहान पोरांचं दुखणं म्हणून
आपण ते बालवाडीच्या फाटकाशी सोडून येतो,
कधीकधी ते मागोमाग चालत येतं.

मग कुठूनसं निघालं ते इस्पितळ.
चार वर्षांचा होता, अंगभर लाल पुरळ, सणकून ताप.
आईबापांना आत सोडत नसत तेव्हा.
आई खाली बर्फात उभी राहून हात हलवायची,
हा तिसऱ्या मजल्यावर.
एक दिवस काचेवर हिम धरलं.
याने नखाने खरवडून खरवडून
डोळ्याएवढं भोक पाडलं,
तोवर खाली फक्त पावलं होती.
सहा आठवड्यांनी आई त्याला घरी घेऊन गेली, अगदी धडधाकट.
ही गोष्ट त्याने लग्नाच्या बावीस वर्षांत
मला सांगितली नव्हती.

मला वाटलं, चला, सापडलं कुलूप.
वेल्लो हसला.
कुलूप सापडलं म्हणजे दार उघडलं नव्हे,
हे तू मला सांगतेस?

आज पहिल्यांदा असं ठरलंय:
बोट लागेपर्यंत फोन नाही, त्याने नाही, मीही नाही.
ठिपका त्याने स्वतःच पुसून टाकला.
धक्क्यावर त्याचे हात खिशात होते
आणि खिसे थरथरत होते.

अर्धा तास. छान वाटतंय.
नायसारचं दीपगृह मागे पडलं.
पाऊण तास. फोन काढला, बघितला, ठेवला.
रेंज आहे. बॅटरी आहे.
जिन्यात बल्ब गेलाय, त्याला सांगायचं राहिलं.
शेगडी? तो शेगडीपाशीच झोपतो कधीकधी.
समोरचा फिन्निश म्हातारा शब्दकोडं सोडवतोय,
त्याची पेन्सिल मला सहन होत नाही.
दीड तास.
आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात येतं,
इतकी वर्षं माझ्या वाटणीची काळजीसुद्धा
हाच एकटा करत होता,
मी खुशाल कॉफी पीत होते.

बोट लागली. पाचव्या रिंगला उचलला.
बटाटे उकडलेस?
हो.
दोघांचे?
दोघांचे.
आणि?
खाल्ले. तुझेसुद्धा.

जीव भांड्यात पडायला हवा होता माझा.
लोक ढकलत होते मागून,
मी उतारावर तशीच उभी,
आणि कारण नसताना
कोटाची बटणं चाचपत होते.